मर्यादित जबाबदारी



गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत बोदलकसा नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवालगत मोठा तलाव आणि भोंवतीं रान. तलावावर येणारीं पांखरें पाहावयास शहरांतील मंडळी अधूनमधून येत असतात. त्यामुळें आपणांपैकीं कांहींच्या कानांवर तें नांव गेलेंहि असेल. मी तेथला एक निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. अर्थशास्त्राचा मी पंडित नव्हे. अशा मनुष्यानें बड्या कंपन्या, त्यांचे धनाढ्य भागधारक आणि त्यांच्याशीं लोकांनीं दिलेले लढे या विषयावर बोलावें, हें कोणास धाडस वाटेल. परंतु या विषयाशीं माझी पहिली गांठ अंकगणिताच्या तासाला पडली, आणि पुढें माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें तो माझ्या मनांतून कधींच गेला नाहीं. माझा अधिकार काय तो एवढाच.

अंकगणितांत भागीदारीचें एक प्रकरण असतें. अ नें ५०० रुपये घातले, ब नें ३०० घातले. वर्षाअखेर १६० रुपये नफा झाला, तर प्रत्येकाच्या वांट्यास किती? मुलें झटकन् उत्तर देत : १०० आणि ६०. एका वर्षीं मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तोटा आला तर?" मीं सांगितलें, "तोटाहि त्याच प्रमाणांत वांटून घ्यावयाचा." "आणि तोटा घातलेल्या पैशापेक्षां जास्त आला तर?" "तर अ आणि ब यांनीं घरदार विकून तो भरावयाचा." मुलाचें समाधान झालें, माझें मात्र झालें नाहीं. कारण मीं दिलेलें उत्तर दोन दुकानदारांच्या भागीदारीस लागू होतें, कंपनीस नव्हे, हें मला ठाऊक होतें.

कंपनीच्या नांवापुढें 'लिमिटेड' हा शब्द आपण रोज वाचतों. त्याचा अर्थ 'मर्यादित जबाबदारी'. ज्यानें शंभर रुपयांचा भाग घेतला, त्याचे फार तर ते शंभर रुपये बुडतील. कंपनीनें कोट्यवधि रुपयांचें देणें करून ठेवलें तरी त्याच्या घरादारास कोणी हात लावूं शकत नाहीं. इंग्लंडांत ही सवलत सर्वसाधारण कायद्यानें १८५५ सालीं मिळाली आणि हिंदुस्थानांत १८५७ सालीं. ती वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ती नसती तर आगगाड्या, गिरण्या, वीजघरें यांना लागणारें भांडवल हजारों हातांतून गोळा झालें नसतें. आमच्या नागपुरास १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती अशाच भागभांडवलावर. परंतु ही सवलत आभाळांतून पडलेली नाहीं. समाजानें कायदा करून ती दिलेली आहे. आणि ती देतांना समाजानें एक अट घातली : जबाबदारी मर्यादित पाहिजे असेल, तर हिशेब उघडे पाहिजेत. कंपनीनें सरकारदरबारीं नोंद करावी, ताळेबंद दाखल करावा, आपण कोण व आपला कारभार कसा हें ज्याला पाहावयाचें त्याला पाहूं द्यावें. कंपन्या आणि लोक यांच्यांत जे झगडे झाले, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशीं ही दुसरी बाजू विसरली गेली आहे, असें माझें आजचें सांगणें आहे.

कंपनीचा मालक दूर असतो, ही गोष्ट आम्हां पूर्व विदर्भांतील लोकांस नवी नाहीं. आमच्या शेजारीं भंडारा जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. इंग्रजी अमदानींत या भागांतील खाणी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या ब्रिटिश कंपनीकडे होत्या. माती येथली, घाम येथला, आणि भागधारक साता समुद्रांपलीकडे. १९६२ सालीं केंद्र व राज्य सरकारांनीं मिळून तींत ५१ टक्के हिस्सा घेतला आणि मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९७७ सालीं उरलेला हिस्साहि सरकारकडे आला. पुढें २०१० सालीं त्यांतील कांहीं भाग बाजारांत विकावयास काढले. म्हणजे ज्या खाणींचा नफा पूर्वीं इंग्लंडांतील घरांत जात असे, त्यांचा भागधारक आज पुण्यामुंबईस दिवाणखान्यांत बसून हें भाषण ऐकणारा एखादा गृहस्थहि असूं शकेल. हें मी दूषण म्हणून सांगत नाहीं. 'धनिक भागधारक' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवितों, त्याच्या पंगतीच्या टोंकाला आपलेंहि एक पान मांडलेलें असतें, याची आठवण असावी म्हणून सांगतों.

महाराष्ट्रांत कंपनीविरुद्ध लोक उठले, त्याचें गाजलेलें जुनें उदाहरण मुळशीचें. पुणें जिल्ह्यांत नीला व मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईस वीज पुरविण्याचें टाटा पॉवर कंपनीनें ठरविलें. सुमारें पन्नास गांवांवर पाणी फिरणार होतें. १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत कंपन्यांसाठीं जमीन घेण्याचें एक स्वतंत्र प्रकरणच होतें. त्याच्या बळावर सरकारनें कंपनीकरितां जमिनी घेतल्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे पुढारी तुरुंगांत गेले. तरी धरण झालेंच. या लढ्यांतून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली ही कीं, कंपनी परकी नव्हती, स्वदेशी होती. तेव्हां प्रश्न नुसत्या गोऱ्या-काळ्याचा नाहीं. दुसरी ही कीं, तेथील पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता, आणि त्यांनीं नुकसानभरपाई पत्करली. ज्याचा जमिनीशीं संबंध कागदापुरता होता, त्याला पैसा पुरला. ज्याचा संबंध नांगराचा होता, त्याला तो पुरणें शक्यच नव्हतें.

सत्तर वर्षांनीं हाच खेळ फार मोठ्या पटावर मांडला गेला. १९९१ सालीं देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली, आर्थिक धोरण पालटलें, आणि वीजनिर्मितीचें दार परदेशी भांडवलास उघडलें. जून १९९२ मध्यें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरच्या एन्रॉन कंपनीचे प्रतिनिधि मुंबईस आले, आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं त्यांचा प्राथमिक करार होऊनहि गेला. दाभोळ पॉवर कंपनी स्थापन झाली. तींत ८० टक्के भाग एन्रॉनचे, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या दुसऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांचे दहा-दहा टक्के. नांव दाभोळचें, पण कारखाना वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गांवांच्या परिसरांत. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एवढी महाग वीज आर्थिक दृष्ट्या परवडणारी नाहीं, असें सांगून जागतिक बँकेनें १९९३ सालींच या प्रकल्पास पैसा देण्याचें नाकारलें होतें. तरीहि त्या वर्षाच्या डिसेंबरांत वीजखरेदीचा करार झाला.

हा करार काय होता, तें मी अंकगणिताच्या भाषेंत सांगतों. विजेच्या किंमतीचे दोन भाग होते. एक इंधनाचा, म्हणजे जेवढी वीज तेवढा खर्च. दुसरा कारखाना सज्ज ठेवल्याबद्दलचा ठरीव आकार. वीज घ्या अगर न घ्या, तो द्यावाच लागे. समजा, हा ठरीव आकार १०० रुपये आहे. मंडळानें १०० युनिटें घेतलीं, तर युनिटामागें त्याचा १ रुपया पडला. पंचवीसच घेतलीं, तर ४ रुपये. महाग म्हणून कमी घ्यावी, आणि कमी घेतली म्हणून आणखी महाग पडावी, असा हा फांस. शिवाय देण्याचा बराच भाग डॉलरशीं बांधलेला. १९९३ सालीं डॉलरला सुमारें ३१ रुपये पडत. २००१ सालीं सुमारें ४७ पडूं लागले. रुपया घसरला तरी परदेशी भांडवलाला झळ लागूं नये, अशी तजवीज करारांत होती. ग्राहकासाठीं तशी तजवीज कोठेंच नव्हती. मंडळानें पैसे थकविले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्यानेंहि न दिले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. म्हणजे भागधारकाची जबाबदारी मर्यादित, आणि त्याच्या नफ्याला मात्र दोन सरकारांचें तारण! आणि हा सारा करार प्रारंभीं गोपनीय म्हणून लोकांच्या दृष्टीआड ठेवला होता. ज्यांनीं बिलें भरावयाचीं, त्यांनाच तो वाचण्याची बंदी.

याविरुद्ध विरोध झाला तो दोन ठिकाणीं. एक गुहागरच्या किनाऱ्यावर. तेथील कोळी व शेतकरी यांना भीति होती कीं, कारखान्याच्या पाण्यानें मासळी जाईल आणि पिण्याच्या पाण्याचीहि टंचाई पडेल. मुंबईस पाण्यासाठीं झगडलेल्या मृणाल गोरे, नर्मदेच्या खोऱ्यांत काम करणाऱ्या मेधा पाटकर अशा मंडळींनीं त्यांची बाजू उचलली. ३ जून १९९७ रोजीं पहाटे पोलीस वेलदूर गांवांत शिरले आणि अनेक कोळी स्त्रियांना त्यांनीं धरून नेलें. बंदोबस्तावरील राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, असें ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें जानेवारी १९९९ मध्यें आपल्या अहवालांत प्रसिद्ध केलें. सरकारी शिपायाचा पगार ज्याच्या विरुद्ध लोक उभे आहेत त्याच्याच थैलींतून यावा, यापेक्षां कंपनीसत्तेची अधिक स्पष्ट व्याख्या मला तरी करतां येणार नाहीं.

दुसरा विरोध कागदावरचा. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेंतील तरुण अभियंत्यांनीं कराराचें गणित सोडवून त्याचा बोजा किती पडेल हें मांडलें. कामगार संघटनांनीं उच्च न्यायालयांत दावे लावले. दाव्यांनीं करार मोडला नाहीं, आणि सत्याग्रहांनीं कारखाना थांबला नाहीं. परंतु आंकडे चव्हाट्यावर आले.

राजकीय पक्षांची कथा याहून निराळी. १९९५ च्या निवडणुकींत शिवसेना-भाजप युतीनें हा प्रकल्प समुद्रांत बुडविण्याची भाषा केली, आणि सत्तेवर येतांच ३ ऑगस्ट १९९५ रोजीं तो रद्दहि केला. पण कांहीं महिन्यांतच वाटाघाटी होऊन तो पुन्हां वर आला, आणि तोहि दोन्ही टप्पे पत्करून, पूर्वींपेक्षां मोठा होऊन. केंद्रांत तेरा दिवस टिकलेल्या सरकारनें मे १९९६ मध्यें जातां जातां प्रतिहमीला मंजुरी दिली. पहिला करार काँग्रेसच्या राज्यांत झाला, दुसरा युतीच्या. तेव्हां एका पक्षाला शिव्या देऊन दुसऱ्याच्या घरीं हारतुरे पाठविण्यासारखें यांत कांहीं नाहीं.

पुढें काय झालें तें आपणांस ठाऊकच आहे. मे १९९९ मध्यें पहिला टप्पा सुरू झाला. २००० सालीं कांहीं महिन्यांत युनिटामागें ७ रुपयांच्याहि वर दर गेला. मंडळाला तो पेलेना. मे २००१ मध्यें वीजघर बंद पडलें. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्याच वर्षीं या व्यवहाराची चिरफाड केली आणि राज्यकारभाराच्या सर्वच पायऱ्यांवर घडलेल्या चुकांचा पाढा वाचला. आणि २ डिसेंबर २००१ रोजीं खुद्द एन्रॉन कंपनीनेंच अमेरिकेंत दिवाळें जाहीर केलें. तिचे हिशेब खोटे होते. ज्या भागाला ऑगस्ट २००० मध्यें नव्वद डॉलर पडत होते, तो नोव्हेंबर २००१ अखेर एका डॉलरच्याहि खालीं आला. बड्या अधिकाऱ्यांनीं आपले भाग आधींच विकून घेतले होते. बुडाले ते पुष्कळसे लहान भागधारक आणि कंपनींतले साधे नोकर, ज्यांची म्हातारपणची पुंजी त्याच भागांत गुंतली होती. गुहागरची कोळीण आणि ह्यूस्टनचा कारकून, दोघांनाहि एकाच लपविलेल्या हिशेबानें नाडलें. इकडे दाभोळचें कर्ज आपल्याच बँकांच्या गळ्यांत पडलें, आणि २००५ सालीं सरकारी कंपन्यांनीं रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नांवानें तें वीजघर पदरांत घेतलें. जबाबदारी मर्यादित झाली म्हणून तोटा नाहींसा झाला नाहीं. तो फक्त दुसऱ्याच्या दारांत जाऊन बसला.

आतां माझ्या चुकीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी दिवेलागणीस घरीं आला. एका कंपनीला त्याचें वावर हवें होतें. कागद इंग्रजीत होते. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वाचून सांगा, मग मी सही करतों." मी चष्मा लावून वाचूं लागलों. शब्द ओळखीचे होते, वाक्यें ओळखीचीं नव्हतीं. ज्यानें जन्मभर मुलांना वाचावयास शिकविलें, त्याला 'मला हें समजत नाहीं' असें म्हणावयाची लाज वाटली. मीं म्हटलें, "ठीक दिसतें." त्यानें सही केली. घरांतील एकाला नोकरी मिळेल, असें त्याला तोंडीं सांगितलें होतें. कागदांत तसें एक अक्षर नव्हतें, हें मागाहून कळलें. तो मला कधीं एका शब्दानें बोलला नाहीं. अजूनहि वाटेंत भेटला कीं वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

आणि याच मीं निवृत्तीचे थोडे पैसे मुलाच्या सल्ल्यानें म्युच्युअल फंडांत घातले आहेत. दरवर्षीं हिशेबाचा कागद येतो. कितीचे किती झाले, हें त्यांत पैपर्यंत असतें. परंतु ती वाढ कोणत्या गांवच्या पाण्यावर आणि कोणाच्या वावरावर झाली, याचा उल्लेख नसतो. सही करणारा माझा विद्यार्थी आणि नफा घेणारा मी, दोघेहि न वाचतांच व्यवहार करीत होतों. फरक एवढाच कीं, त्याचें गेलें आणि माझें वाढलें.

मग उपाय काय? कंपन्या नकोत, असें मी म्हणणार नाहीं. या ध्वनिक्षेपकाला लागणारी वीजहि कोणत्या तरी कंपनीचीच असेल. पण दोन सभांतील भेद ओळखावा. कंपनीच्या सभेंत एका भागाला एक मत. ज्याचे भाग लाख, त्याचीं मतें लाख. ग्रामसभेंत एका माणसाला एक मत. जेव्हां या दोन सभा समोरासमोर येतात, तेव्हां दुसरीला निदान पहिलीचे कागद वाचावयास मिळाले पाहिजेत. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें सरकारी कागदांचीं कुलुपें कांहीं अंशीं उघडलीं. १८९४ चा कायदा जाऊन आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शेंकडा ८० बाधित कुटुंबांची संमति हवी, असें ठरविलें. पुढें निरनिराळ्या राज्यांनीं त्यांतून वाटा काढल्या, ही गोष्ट वेगळी. मात्र न वाचतां दिलेली संमति ही संमति नव्हे, हें मी अनुभवानें सांगतों.

आमच्या बाजूलाच याचा एक चांगला धडा आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गोंड गांवाला २००९ सालीं जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. ज्या रानांतला बांबू पूर्वीं कागदगिरणीसाठीं जात असे, त्या रानांतला बांबू २०११ पासून गांव स्वतः विकूं लागलें. हें एका दिवसांत घडलें नाहीं. देवाजी तोफा आणि त्यांचे गांवकरी कित्येक वर्षें अभ्यासगट भरवून कायदे समजून घेत होते, आणि सर्वांचें एकमत झाल्याखेरीज निर्णय करीत नव्हते. पुढें २०१३ च्या सुमारास गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील कांहीं ग्रामसभांनीं तेंदूपानांचाहि व्यवहार आपल्या हातीं घेतला. त्या लोकांपाशीं भांडवल नव्हतें, वकील नव्हते. त्यांनीं आधीं कागद वाचला, समजेपर्यंत वाचला, आणि समजलें नाहीं तेथें 'समजलें नाहीं' असें म्हणण्याची लाज बाळगली नाहीं. मी मास्तर असून जें मला साधलें नाहीं, तें त्यांना साधलें.

शहरांतील आपण सुशिक्षित मंडळी इंग्रजी कागद सहज वाचूं शकतां. आपणांकडे कंपन्यांचे वार्षिक अहवाल येतात आणि बहुधा न उघडतांच पडून राहतात. माझी आपणांस विनंति आहे कीं, यंदा त्यांतला एक तरी उघडावा; आणि जमीन कोणाची घेतली, पाणी कोणाचें वापरलें, प्रकल्प फसला तर तोटा कोण भरणार, हे तीन प्रश्न घालून तो वाचावा. उत्तर सांपडलें नाहीं तर कंपनीला पत्र लिहून विचारावें. एक भाग असला तरी विचारण्याचा हक्क आहे. आणि आपल्या ओळखीचा एखादा खेड्यांतला मनुष्य कागद घेऊन आला, तर 'ठीक दिसतें' असें म्हणूं नये.

मागच्या बांकावरचा तो मुलगा आज कोठें असेल, कोण जाणे. त्याचा तास पुन्हां घ्यावयास मिळाला, तर मी त्याला सांगेन : बाळ, माझें उत्तर अपुरें होतें. अ आणि ब यांनीं तोटा भरला नाहीं, तर तो एका क ला भरावा लागतो, आणि त्या क चें नांव उदाहरणांत कोठेंच दिलेलें नसतें. तेव्हां उदाहरण सोडविण्यापूर्वीं हा क कोण, तें आधीं शोधून काढावें.